पगार किती हे नंतर विचार, पगार कोण देणार हे आधी

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार.

मी पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत राहतो. वय २५. २०२२ ला बी.कॉम. झालो. वडील रिक्षा चालवतात, आई सहकारनगरात तीन घरी स्वयंपाकाला जाते. बी.कॉम.नंतर नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसलो. एमपीएससीची कंबाइन (संयुक्त परीक्षा) दोनदा दिली, तलाठी दिली. एकदा कंबाइनच्या क वर्गाचा कट-ऑफ थोडक्यात हुकला. गेल्या दिवाळीनंतर अभ्यासिका सोडली, कारण घरी पैसे मागायची लाज वाटायला लागली.

आता समोर चार गोष्टी आहेत. एक कन्सल्टन्सी म्हणते, आयटी कंपनीत बॅक ऑफिसला लावतो, १५ हजार भरा, शनिवारपर्यंतच जागा आहे. गल्लीतला मित्र चाकणला कॉन्ट्रॅक्टरकडून लागलाय, १७ हजार, पण तिकडे रूमवर राहावं लागेल. दुसरा मित्र डिलिव्हरी करतो, दिवसाला हजार सुटतात म्हणतो. आणि वडील म्हणतात, अजून एक वर्ष परीक्षा दे, सरकारी ती सरकारी.

मला तसं फार काही येत नाही. अकाउंट्स बरे होते, टॅली कॉलेजात शिकलो. आमच्या गणपती मंडळाचा खजिनदार आहे, जमाखर्च मीच लिहितो. मुलाखतीत पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे दोनदा अनुभवलंय. पेपरात रोज वाचतो की पुण्यात एवढ्या कोटींची गुंतवणूक आली, एवढे रोजगार होणार. मग आमच्या गल्लीतली निम्मी पोरं दिवसभर कट्ट्यावर का?

बहीण बारावी सायन्स झाली आहे, तिचं नंतर बघू. माझं काय करू ते सांगा.

— एक वाचक, पर्वती

उत्तर

शनिवार जवळ आलाय, म्हणून तिथूनच सुरू करतो. ते १५ हजार भरू नकोस. आईने भिशीतून उचलून आणले असतील तर आजच परत करून टाक.

भरतीच्या धंद्यात पैसा कुठून कुठे जातो ते एकदा समजून घे. मी पिंपरी-भोसरी पट्ट्यात बरीच वर्षं पर्सोनेलच्या, म्हणजे माणसं भरती करणाऱ्या खात्याच्या, टेबलामागे काढली आहेत. कंपनीला माणसं लागतात, ती एजन्सीला सांगते, एजन्सी माणूस देते आणि बिल कंपनीला लावते. कायमच्या माणसासाठी त्याच्या वर्षाच्या पगारातला काही हिस्सा, कंत्राटी माणसासाठी दरमहा डोक्यामागे सर्व्हिस चार्ज. या व्यवहारात उमेदवाराच्या खिशाला कुणी हात लावत नाही. जो लावतो त्याच्याकडे बिल लावायला कंपनीच नसते. रजिस्ट्रेशन म्हणतील, ट्रेनिंग फी म्हणतील, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणतील, 'पहिल्या पगारात वळते करू' म्हणतील. शनिवारची मुदत कशासाठी? तू रविवारी घरी चार माणसांना विचारशील आणि सोमवारी येणार नाहीस, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

याच दुकानात दुसरा मालही मिळतो: दोन वर्षांचा खोटा अनुभव. 'लेटर, सॅलरी स्लिप, सगळं करून देतो.' त्या वाटेला जाऊ नकोस. नीतीचं राहू दे बाजूला, साध्या व्यवहारासाठीही नको. पीएफचा यूएएन क्रमांक निघाला की तू कुठे, कधीपासून कधीपर्यंत कामाला होतास हे त्यात दिसतं, आणि चौकशी करणारे हल्ली आधी तेच तपासतात. तुझ्या ओळखीतल्या कुणाचे पैसे आधीच गेले असतील आणि ते ऑनलाइन भरलेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांग. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

आता गंमत बघ. इकडे तुझ्याकडून १५ हजार मागतायत, आणि तिकडे पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला तेवढेच पैसे द्यायची केंद्र सरकारची योजना आहे. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात जो पहिल्यांदाच पीएफच्या नोंदीत येतो, त्याला एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम, जास्तीत जास्त १५ हजार, दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी, आणि त्याआधी पैशांच्या व्यवहारावरचा एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो. म्हणजे तुझा पीएफ खरोखर भरला जातोय की नुसता स्लिपवर कापलेला दिसतोय, यावर हे पैसे अवलंबून. कामाला लागलास की दुसऱ्या महिन्यात उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघायचं. लाजायचं नाही.

कट्ट्याचा प्रश्न तू जाता जाता विचारलास, पण मला तो सगळ्यात नेमका वाटला. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत सगळ्या वयांची मिळून बेरोजगारी ३.२ टक्के होती. १५ ते २९ वयात ती १०.२, आणि याच वयाची शहरातली पोरं घेतली तर १४.७. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात याहून बोचरा आकडा आहे: ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये बेरोजगारी ३.४ टक्के, आणि पदवीधर तरुणांमध्ये २९.१. अडाणी माणसाला घरी बसणं परवडतच नाही, तो मार्केट यार्डात हमाली करील, सेंट्रिंगला जाईल. पदवी हातात आली की आई-बाप म्हणतात, थांब थोडं, बरं काहीतरी मिळेल. ते थांबणं मग वाढत जातं.

पुण्यात हे थांबणं जास्त दिसतं, कारण पेपरातली गुंतवणूक दोन टोकांना येते. एक टोक हिंजवडी-खराडीचं, तिथे इंजिनिअर लागतो. दुसरं चाकण-रांजणगाव-तळेगावचं, तिथे आयटीआय-डिप्लोमावाला लागतो आणि बाकीची भरती कॉन्ट्रॅक्टरमार्फत. पर्वतीचा बी.कॉम., बी.ए. झालेला मुलगा यातल्या एकाही जाहिरातीत बसत नाही. त्याच्यासाठी शहराच्या पोटात कामं असतात, पण त्यांची जाहिरात येत नाही. त्याकडे वळतोच, आधी चाकणचं संपवू.

मित्राला एक प्रश्न विचार: तुला पगार कोण देतं? तो कंपनीचं नाव सांगेल, कारण शर्टावर तेच असतं. मग म्हणावं, अपॉइंटमेंट लेटर दाखव, नाहीतर खात्यात पगार कुणाच्या नावाने जमा होतो ते दाखव. तिथे दुसरंच नाव निघेल. ते नाव चांगलं की वाईट हे तिथे सहा महिने काढलेली पोरं दोन मिनिटांत सांगतात: दहा तारखेच्या आत पगार होतो का, ओटी (जादा तासांचा पगार) दुप्पट मिळतो का, सात महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवतात का, सोडताना अनुभवाचं पत्र देतात का. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आली आहे. पण ती वापरायची तर त्या कंपनीत काम केल्याचा कागद हवा. गेट पास, हजेरी कार्ड, काहीही. नुसता फोटो काढून ठेवला तरी उद्या उपयोगी पडतो.

आणि १७ हजार म्हणजे किती, तेही मांडून बघू. समज त्यातले १२ हजार पीएफसाठी धरले. त्यावर १२ टक्के, म्हणजे १,४४० कापले. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, १२८. व्यवसाय कर २००. हातात आले १५,२३२. बस आणि कॅन्टीनचे कापत असतील तर ते वेगळे. चौघांत रूम घेतली तर तुझ्या वाट्याला अडीच हजार धर, मेसचे तीन हजार धर. उरले ९,७३२, आणि त्यातून दर रविवारी घरी ये-जा. पीएफ आणि ईएसआय कापतात म्हणून हळहळू नकोस, तो पैसा तुझाच आहे. ईएसआयवर बिबवेवाडीच्या हॉस्पिटलात तुला आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळू शकतात. रिक्षावाल्याच्या घरात ही लहान गोष्ट नाही. मुद्दा वेगळाच आहे. लाइनवर हेल्पर म्हणून वर्ष काढल्यावर तुझ्या हातात काय येईल? आयटीआय फिटर झालेल्या पोराने चाकण सोडू नये, त्याला तिथे मशीन शिकायला मिळतं. बी.कॉम.वाला वर्षभर बोल्ट आवळून पुन्हा बी.कॉम. फ्रेशरच राहतो, फक्त एका वर्षाने मोठा.

चाकणलाच जायचं असेल तर मित्राला सांग, स्टोअर्स, डिस्पॅच नाहीतर टाइम ऑफिसला माणूस लागतोय का बघ. माल आत-बाहेर होतो त्याची नोंद, चलन, हजेरी, ओटीचा तक्ता. एक्सेल येणाऱ्या मुलाला तिथे वर्षभरात भरपूर शिकायला मिळतं. एक शक्यता शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याने तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, आणि त्यात बी.कॉम.ही बसतो. २०१९ च्या नियमांत पदवीधराला दरमहा किमान ९ हजार विद्यावेतन होतं. कमी आहे, पण कंपनीचं नाव आणि प्रमाणपत्र खरं असतं. कॉन्ट्रॅक्टर तुला 'ट्रेनी' म्हणून घेतो म्हणाला तर विचार, शिकाऊ करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार का? तो गडबडला तर ते ट्रेनीपण फक्त पगार कमी द्यायला आहे.

आता तुझं ते वाक्य: 'मला तसं फार काही येत नाही.' आणि पुढच्याच ओळीत लिहितोस की मंडळाचा जमाखर्च मी लिहितो.

अरे बाबा, पुण्यात गणपती मंडळाचा खजिनदार असणं म्हणजे काय, हे मला सांगायचं? वर्गणीची पावती पुस्तकं कुणाकडे किती गेली आणि परत किती आली, मांडववाल्याला उचल किती दिली, ढोल पथकाचं ठरलं किती आणि दिलं किती, स्पीकरच्या बिलावर कुणाची सही, आणि विसर्जनानंतर कार्यकर्त्यांचा वडापाव कुठल्या खात्यात टाकायचा. हे सगळं भांडण न होता जुळवतोस ना? मग मुलाखतीत तेच सांग. 'एका हंगामात एवढ्या रकमेचा हिशोब मी एकट्याने लिहिला, एवढी पावती पुस्तकं सांभाळली.' आकड्यासकट सांग. समोरचा पुणेकर असेल तर खुर्ची पुढे ओढील.

आणि याहून कामाची गोष्ट. मंडळ १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं असेल तर दरवर्षी हिशोब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. तुमच्या हिशोबावर सही करणारे सीए कोण आहेत? ते तुला ओळखतात. तुझं अक्षर ओळखतात, तुझी बेरीज चुकते का हेही त्यांना ठाऊक आहे. अनोळखी कंपनीच्या पोर्टलवर शंभर अर्ज टाकणारा मुलगा या एका माणसाकडे जात नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. त्यांच्याकडे जा. 'तुमच्याकडे आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) नको, ऑफिसला अकाउंट असिस्टंट म्हणून ठेवा,' म्हण. त्यांच्याकडे जागा नसेल तर त्यांच्या एखाद्या अशिलाकडे असेल, कारण पुण्यातल्या छोट्या दुकानदाराला आणि वर्कशॉपवाल्याला हिशोबाला मुलगा हवा असला की तो जाहिरात देत नाही, आपल्या सीएला फोन करतो.

जाण्याची वेळ मात्र बघ. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ या जीएसटी रिटर्नची मुदत असते, २० तारखेला ३बी या दुसऱ्या रिटर्नची. त्या दिवसांत सीएच्या ऑफिसात शिरलास तर तुझ्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही. २२ ते ३० च्या मध्ये कधीतरी, सकाळी अकराच्या सुमाराला जा. जुलैचा शेवट टाळ. दुपारी एक ते चार पुण्यात कुणालाही भेटायला जाऊ नये, हे तुला वेगळं सांगायला नको.

दुसरी वही काढ, वर्गणीची. तिच्यात पाच वर्षांची नावं आहेत: मार्केट यार्डातले भुसार आडते, शंकरशेठ रस्त्यावरचे लाकूडवाले आणि स्पेअर पार्टवाले, एखादी पतसंस्था, टू-व्हीलरचं शोरूम, लॅब, मेडिकल. दरवर्षी तुझ्या हातात पैसे ठेवणारी माणसं आहेत ही. त्यांच्याकडे बिलिंग, उधारीची वसुली, स्टॉक, जीएसटीची कच्ची यादी अशी कामं असतात, आणि बरीचशी तुझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. त्यांना 'नोकरी आहे का' असं विचारलं तर 'बघू, सांगतो' म्हणतील. त्यापेक्षा म्हण, 'शेठ, टॅली येतं, एक महिना मागची एन्ट्री पूर्ण करून देतो, पटलं तर ठेवा.' फुकट नाही हं. महिन्याचा पगार आधी ठरवायचा आणि तो किमान वेतनापेक्षा कमी घ्यायचा नाही.

यात खोट कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणशील काकांनी मधाचं बोट लावलं. वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफचं बंधन नसतं, दहापेक्षा कमी असली की ईएसआयचं नसतं. म्हणजे आडत्याच्या गाळ्यावर यातलं काही मिळणार नाही, वरची १५ हजारांची योजनाही नाही. रजा मागितली तर तोंड वाकडं होईल. दिवाळीत बोनस म्हणून मिठाईचा पुडा आणि पाकीट. म्हणून तिथे तीन गोष्टींचा हट्ट धर: पगार खात्यावर, रुजू झाल्याचं पत्र लेटरहेडवर, आणि काम सोडताना काय काय काम केलं ते लिहिलेलं अनुभवाचं पत्र. हिशोबापुरते बारा हजार धरले (किमान वेतन याहून जास्त निघालं तर तेच मागायचं), तर व्यवसाय कर जाऊन ११,८०० हातात येतील आणि जेवण आईच्या हातचं. चाकणच्या ९,७३२ च्या शेजारी ठेवून बघ. वर्ष, सव्वा वर्ष तिथे काढ, जीएसटी रिटर्न स्वतः भरायला शीक, टीडीएस शीक, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदींशी वही जुळवणं) शीक. मग भोसरीतल्या पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीत अकाउंट्सला अर्ज कर, पीएफसकट. स्वारगेटहून मेट्रो आता थेट नाशिक फाट्यापर्यंत जाते, रूम करायची गरज नाही. तोवर पीएफमध्ये पहिल्यांदाच नोंद होत असेल आणि मुदत संपलेली नसेल तर योजनेचे पैसेही मिळतील.

पत्त्याचं म्हणशील तर चेहरा बदलतो हे खरं आहे. मी टेबलाच्या अलीकडे बसून तो बदलताना बघितलाय. तिथले काही लोक 'वस्तीतला मुलगा' म्हटलं की दांडी, भांडण आणि उचल एवढंच धरून चालतात. त्यांना सुधारण्याची जबाबदारी तुझी नाही. बायोडेटावर 'पर्वती, पुणे ४११००९' लिही, टपालाला तेवढं पुरतं, आणि त्यात खोटंही काही नाही. सविस्तर पत्ता रुजू होताना आधार कार्डावर दिसेलच. तोंडी विचारलं तर स्पष्ट सांग आणि पाठोपाठ सांग की कामाच्या ठिकाणी पोचायला किती वेळ लागतो. भरती करणाऱ्याला मुळात तेच हवं असतं: हा वेळेवर येईल का. कोथरूडहून दोन बस बदलून येणाऱ्यापेक्षा तू मार्केट यार्डात लवकर पोचतोस.

डिलिव्हरीबद्दल फार लिहीत नाही. 'हजार सुटतात' म्हणणाऱ्याला पेट्रोल, सर्व्हिसिंग, गाडीचा हप्ता, टायर आणि पावसाचे दिवस वजा करून पुन्हा विचार. घरात तातडीने पैसे लागले तर दोन-तीन महिने संध्याकाळची कर, त्यात कमीपणा नाही. फक्त आधी गाडीची विमा पॉलिसी वाच. घरगुती वापराच्या पॉलिसीवर धंद्याचं काम करताना अपघात झाला तर क्लेम अडू शकतो. मुख्य काम म्हणून मात्र नको. तीन वर्षांनी तुला रस्ते पाठ असतील आणि बायोडेटावर ओळ वाढलेली नसेल.

वडिलांचं समजावून घे. त्यांच्या तरुणपणी या शहरात चांगली नोकरी म्हणजे काय हे ठरलेलं होतं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि आकुर्डीची बजाज. ज्याच्या घरात कुणी परमनंट झाला त्याचं घर तरलं. आकुर्डीचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. तसली परमनंट नोकरी आता त्यांना फक्त सरकारात दिसते, आणि ते सगळं चुकीचं बघतायत असंही नाही. पण आकडा त्यांच्यासमोर ठेव: २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या, अर्ज दहा लाखांच्या वर. एका जागेमागे दोनशेहून जास्त. फी खुल्या प्रवर्गाला १ हजार, राखीवला ९००. कंबाइनच्या क वर्गाचा कट-ऑफ थोडक्यात हुकलेल्या मुलाने परीक्षा सोडावी असं मी म्हणणार नाही. वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८ आहे, तुझ्याकडे वर्षं आहेत. सोडायचं ते पूर्णवेळ अभ्यासिकेत बसणं. नोकरी करून सकाळी दोन तास आणि रविवार दे. आणि टायपिंगची परीक्षा देऊन टाक. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, कर सहायकाला दोन्ही. कित्येक पोरं लेखी पास होऊन या कागदापाशी अडतात. शिवाय तोच वेग शेठच्या दुकानात बिलं टाकताना कामाला येतो.

रास्ता पेठेत जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. महास्वयं पोर्टलवर नोंदणी कर आणि त्यांच्या मेळाव्याला एकदा जाऊन ये. तिथे सिक्युरिटी, सेल्स आणि कॉन्ट्रॅक्टर यांचेच टेबल जास्त असतात, त्यामुळे मोठी आशा धरू नकोस. पण प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न विचार, पगार कोण देणार? दहा टेबलं फिरलास की तुला माणसं ओळखता येतील. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन ठरलं होतं. पुन्हा अशी संधी आली तर घे, पण प्रशिक्षण म्हणूनच घे. कालावधी संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणत त्या पोरांना आंदोलन करावं लागलं.

आणि 'बहीण बारावी सायन्स झाली आहे, तिचं नंतर बघू'?

कोण बघणार, आणि कधी? तुझं बस्तान बसायला दोन वर्षं लागतील, तोवर तीही घरी बसणार. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. फार्मसी आहे, नर्सिंग आहे, इंजिनिअरिंग आहे. औंधच्या सरकारी आयटीआयचा ट्रेडही वाईट नाही, आणि मशीनवर बसणाऱ्या मुली आता चाकणच्या कंपन्या आवर्जून घेतात. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला, दोन्ही काढायला वेळ जातो. शनिवारी तुला कन्सल्टन्सीत जायचं नाहीच आहे, सोमवारी तिला घेऊन सेतू केंद्रात जा. रेशन कार्ड, वडिलांचं रिक्षाचं परमिट, शाळा सोडल्याचे दाखले, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन. मूळ मार्कशीट कुणी 'ठेवून जा' म्हणाला तर ठेवायची नाही, तिथेही नाही आणि उद्या नोकरी देणाऱ्याकडेही नाही.